बाईसाहेबांच्या खुट्या

आकडा वाईट असता तर वैजयंतीने तो निमूटपणे अहवालात घातला असता. पण आकडा चांगला होता. नको इतका चांगला होता, आणि म्हणूनच तिच्या मनात पाल चुकचुकली.

नागपूरच्या संशोधन केंद्रात तिच्या पडद्यावर कोसमघाटचा दक्षिण उतार गर्द हिरवा दिसत होता. हिरवा रंग म्हणजे इथे जंगल आपलं आपण उगवून येणार, माणसाने लुडबूड करायची गरज नाही. आजूबाजूच्या डोंगरांवर सगळा पिवळा नाहीतर मातकट रंग, कुठे कुठे सरळ लाल. आणि मध्ये हा एकटाच उतार पोपटासारखा बसलेला.

वैजयंतीला तो उतार चांगला ठाऊक होता. वीतभर मुरूम, खाली कातळ आणि तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभर उन्हाचा मारा. तिथला कूप, म्हणजे लाकडासाठी पाळीपाळीने तोडायचा जंगलाचा तुकडा, काही वर्षांपूर्वी तोडला होता. नियमाप्रमाणे साग, ऐन, बिजा, मोह, चारोळी यांची बी देणारी मोठी झाडं तेवढी राखली होती. बी पडत होतं, पावसात रुजतही होतं. पण उन्हाळे आता शिमग्याच्या आधीच सुरू होत होते. असल्या जागी एका मृगात उगवलेलं रोपटं पुढच्या मृगाचं तोंड पाहत नाही, हे वनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तरी तिथे जमिनीत रोवलेली तिची सुई सांगत होती की तिथे रोपटी जगतायत, वाढतायत, अगदी मजेत आहेत.

आणि एक गोष्ट पडद्यावर नव्हती. कोसमघाटचा वनक्षेत्रपाल गजेंद्र वासेकर हा तिचा नवरा होता.

सुई ही वैजयंतीचीच करणी. दिसायला ती हातभर लांबीची खुंटी, वर लाल टोपी. जमिनीत रोवली की तिच्या अंगावरच्या बारीक तारा मातीतला ओलावा, ऊब, क्षार आणि हवा मोजत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या बुरशीचे धागे ओळखत. जंगलातलं कोवळं रोपटं नुसत्या आपल्या मुळांच्या जिवावर तगत नाही. मातीतली बुरशी त्याच्या मुळांना लपेटते, लांबून पाणी आणून देते आणि बदल्यात पानांनी केलेली साखर घेते. कुठल्या मातीत हा सौदा जमतो आणि कुठे फिसकटतो, हे पूर्वी कुणाला सांगता येत नसे. सुईला ते कळे. टोपीतलं भिंग पंधरवड्यातून एकदा, ऐन दुपारी, डोळा उघडी, भोवतालची रोपटी टिपी आणि पुन्हा मिटून घेई, कारण आतली बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची होती. या सगळ्यातून एक आकडा निघे. त्याला रुजवणांक म्हणत. या जागी उगवलेलं रोपटं तग धरेल की नाही, ते तो सांगे. आणि थोड्याशा खुंट्यांवरून उपग्रहाच्या मदतीने अख्ख्या डोंगराचा नकाशा रंगवता येई.

सरकारला नकाशे फार आवडतात. नकाशा आला आणि पाठोपाठ नियमही आला. रुजवणांक रेषेच्या वर असेल तिथलं जंगल गावाच्या वनसमितीकडे राहील. तेंदूपत्ता, मोह, चारोळी गोळा करायला गावाला मोकळीक. रेषेच्या खाली असेल तिथे जंगलाला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही असं ठरेल. मग यंत्रं येऊन उतार नांगरणार, काटेरी तार ओढली जाणार आणि कंत्राटदार एकाच जातीची रोपं ओळीने लावणार. त्या तारेच्या आत गावाचं पाऊल पडणार नव्हतं.

त्यामुळे खोट्या आकड्याला गिऱ्हाईक होतं. शेजारच्या एका परिक्षेत्रात खुंट्यांभोवती रोपवाटिकेतली रोपं आणून खोचलेली सापडली होती आणि तिथला अधिकारी घरी बसला होता. आता संचालकांनी कोसमघाटच्या पडताळणीचा विषय वैजयंतीपुढे काढला.

"तुमचे मिस्टर आहेत तिथे," ते चष्मा पुसत म्हणाले. "दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको. मीच जाते," ती म्हणाली.

आपण हे का म्हणालो याचा तिने बसमध्ये बराच विचार केला. नवऱ्याला वाचवायला निघालो आहोत की पकडायला, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"पाहुणी म्हणून आलीस की तपासणीस म्हणून?" गजेंद्रने जिपेतून तिची बॅग उतरवत विचारलं.

"चहा पाहुणी म्हणून घेते."

"मग दूध घालतो. तपासणीसांना आम्ही कोरा देतो."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मीअधिक दोघांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांत काढली होती. एकमेकांची थट्टा करणं दोघांना छान जमे. थट्टा संपली की पुढे काय बोलायचं, तिथे मात्र अडे. गजेंद्र साधा, उंचनिंच, गणवेशाची इस्त्री स्वतः करणारा माणूस. त्याने कधी कुणाकडून लाकडाची काडी घेतली नाही, असं ती आजवर अभिमानाने सांगत आली होती. या वेळी चहा पिताना तिच्या लक्षात आलं की आपण ते नुसतं सांगत आलो, कधी तपासलं नाही.

दुपारी दोघं उतारावर गेले. सोबत वनसमितीचे अध्यक्ष देवाजी मडावी होते. भाद्रपद संपत आला होता आणि गवत कमरेएवढं वाढलं होतं. प्रत्येक लाल टोपीभोवती मात्र ऐन, बिजा, मोहाची रोपटी एकमेकांना खेटून उभी होती. त्यांच्यात गेल्या वर्षीचीही होती. जून झालेलं खोड, त्यावर नवी पालवी. ती गेला उन्हाळा पचवून बसली होती.

"या मुरमात?" ती स्वतःशीच बोलली.

"जमीन चांगली हाय जी आमची," देवाजी घाईघाईने म्हणाले. "वरून दिसत नाई. पण हाय चांगली."

ती घाई तिने मनात टिपून ठेवली. देवाजींच्या घरच्या बायका याच उताराच्या मोहावर आणि चारोळीवर वर्ष काढत, हे तिला ठाऊक होतं. तार आली तर त्या कुठे जाणार, हेही. आणि ठाऊक असल्यामुळे तिला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

देवाजी पुढे गेल्यावर तिने विचारलं, "गजेंद्र, खरं सांग. तू इथे कुणाला काही करायला लावलंयस का?"

"काय करायला?"

"तुला कळतंय मी काय म्हणते ते."

तो "नाही," म्हणाला आणि चालू लागला. तेवढंच. रागावला नाही, शपथ घेतली नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिने पाच-सहा रोपटी मुळासकट उपटून तपासली. पिशवीत वाढलेल्या रोपाचं मूळ तळाशी गुंडाळलेलं असतं, आणि त्याच्यासोबत रोपवाटिकेच्या मातीतली परकी बुरशी येते. इथे मूळ सरळ कातळाच्या फटीत उतरलेलं होतं आणि बुरशी इथलीच, याच मुरमातली. रोपटी इथेच रुजली होती, यात शंका नव्हती. दुसऱ्या कुणाला एवढ्याने हायसं वाटलं असतं. वैजयंतीला वाटलं, म्हणजे काहीतरी वेगळं आहे, आपल्याला न सुचलेलं.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र लाकूड आगारावर गेला तेव्हा ती एकटीच उतारावर आली. तिच्या पिशवीत नव्या सुया होत्या, लाल टोपी नसलेल्या, भिंग नसलेल्या. केंद्रात तिने त्यांना आंधळ्या सुया असं नाव ठेवलं होतं. जिवंत मूळ दिवसा पाणी ओढतं आणि रात्री थांबतं. मातीतल्या ओलाव्याची ती हलकी चढउतार आंधळ्या सुईला ऐकू येई. त्यावरून भोवती किती रोपटी जिवंत आहेत हे नुसत्या पुरलेल्या जागेवरून कळे. तिने प्रत्येक लाल खुंटीपासून हाकेच्या अंतरावर, तोच मुरूम आणि तोच उतार बघून, जिथे रोपटी दाट उगवली होती अशा जागा निवडल्या. खुरप्याने खड्डे केले, सुया पुरल्या, त्यातली एक चारोळीच्या झाडाखाली, माती सारखी केली, वर पाला पसरला. हे करताना तिने दोनदा मागे वळून बघितलं. आपल्याच नवऱ्याच्या जंगलात आपण चोरासारखं वागतो आहोत, याची तिला लाज वाटली. पण तिने काम अर्धवट सोडलं नाही.

संध्याकाळी गजेंद्रने तिच्या नखांतली माती पाहिली. काही विचारलं नाही. तिला वाटलं, याने का विचारलं नाही?

हिवाळाभर ती नागपुरात बसून दोन रेघा बघत होती. लाल खुंट्यांची रेघ सपाट चालली होती, रोपटी मजेत. आंधळ्या सुयांची रेघ दिवाळीनंतर खाली वाकली, संक्रांतीनंतर घसरली आणि शिमग्याच्या सुमाराला जमिनीला टेकली. माती तीच होती, ऊन तेच होतं, बुरशीही तीच. हाकेच्या अंतरावर एकीकडची रोपटी जगत होती आणि दुसरीकडची मरत होती. असं निसर्गात होत नाही. म्हणजे लाल खुंट्यांभोवती कुणाचातरी हात होता.

हा हात कुणाचा ते शोधताना तिला दुसरंच काही सापडलं. खात्याच्या गाड्या कुठे फिरतात ते गस्तीच्या नकाशावर कुणालाही दिसे. गजेंद्रची जीप वरचेवर सकाळी दक्षिण उताराच्या पायथ्याशी उभी असे. आणि त्याच्या कमरेच्या बिनतारी यंत्राची खूण तिथून चालत वर जाई. लाल खुंट्यांकडे नाही. आंधळ्या सुयांकडे. एकेका सुईपाशी थांबे, कधी कधी बराच वेळ, आणि परत फिरे.

त्याला जागा ठाऊक होत्या.

तिने फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज सकाळी कुठे होतास?"

"गस्तीवर."

"कुठे?"

"जंगलात, वैजू. वनक्षेत्रपाल आणखी कुठे जाणार? तू कशी आहेस?"

"बरी आहे," ती म्हणाली. आणि फोन ठेवला. तो खोटं बोलला नव्हता. पण सांगतही नव्हता. तिला एकच कोडं सुटत नव्हतं. त्याला सुया सापडल्या असतील आणि त्याला फसवायचंच असेल, तर तिथली रोपटी मेली कशी? त्याने जगवायला हवी होती. बादलीभर पाणी रोज घातलं असतं तरी रेघ वर राहिली असती. मग हा माणूस रोज तिथे जाऊन करत काय होता?

तिने एका मनाने अहवाल लिहायला घेतला. "मानवी हस्तक्षेपाचा संशय," एवढं लिहिलं आणि खाली अधिकाऱ्याचं नाव लिहायच्या रकान्यापाशी थांबली. ते नाव लिहिलं की गजेंद्रचा गणवेश उतरणार आणि उतारावर तार येणार, दोन्ही गोष्टी एकाच सहीत. तिने पडदा बंद केला आणि कुणालाही न कळवता सकाळची बस पकडली.

ती भर दुपारी उतारावर पोचली. वणवा नुकताच येऊन गेला होता. जमिनीलगत सरपटत जाणारी आग. मोठी झाडं नुसती काळवंडली होती, पण पालापाचोळा आणि त्यातलं कोवळं सगळं खाक झालं होतं. काळ्या जमिनीवर पाय टाकत ती वर चढली आणि पहिल्या लाल टोपीपाशी थबकली. खुंटीभोवती हिरवं वर्तुळ होतं. आग त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती, कारण कडेला पुढे सरकायला तिला पालाच नव्हता. आणि त्या वर्तुळाच्या मध्ये सोमीबाई कुमरे विळ्याने गवत कापत बसली होती.

सोमीबाई ही हंगामी चौकीदार, गावातल्या आणखी चार-पाच जणींसारखी. बाजूला डबक्याच्या पाण्याची कळशी होती, पळसाच्या डहाळ्यांचा झाडू होता. वैजयंतीला बघून ती उभी राहिली आणि पदर सावरू लागली.

"तुमी तं सांगून नाई आल्या जी. सांगलं असतं तं आखीन जरासक करून ठेवलं असतं."

"हे काय करताय सोमीबाई?"

"का करतो? साफ करून रायली."

"कुणी सांगितलं हे करायला? साहेबांनी?"

"साहेब कायले सांगतीन?" सोमीबाईला प्रश्नच कळला नाही. "मोठे साहेब येतेत म्हणलं का रस्ता झाडा लागते, दगडाले चुना लावा लागते. आपल्या खात्यात येवढं तं समजतेच ना. हे तं कायमचे मुक्कामी साहेब, उठून जातच नाई. मंग रोजच झाडा लागते. गवत उपटतो, बकऱ्या हाकलतो, पाला सरकवतो. उन्हाचं जरासक पानी टाकतो."

"सगळ्या खुंट्यांना?"

"हो तं. बाईसाहेबांच्या खुट्या हायत म्हणतेत सारे. उद्या फोटो निघन, त्यात शेण दिसन, मंग तुमालेच बोल लागन ना वरून."

वैजयंती तिथेच दगडावर टेकली. खोटेपणा शोधायला ती इतक्या लांबून आली होती आणि समोर होता तो निव्वळ शिष्टाचार. खात्यात आल्यापासून तिने कितीतरी नमुना-जागा पाहिल्या होत्या, आणि झाडलेली नाही अशी एकही पाहिली नव्हती. म्हणूनच भाद्रपदात चहूकडे कमरेएवढं गवत असताना खुंट्यांभोवतीची मोकळी जमीन तिला दिसूनही दिसली नव्हती. तिने मुळं तपासली, बुरशी तपासली. विळ्याने कापलेल्या गवताचे बुडखे तिच्या पायाखाली होते.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली.

"सोमीबाई, तिकडे चारोळीच्या झाडाखाली..."

"तुमी पुरलं थे?" सोमीबाई सरळ म्हणाली. "माती उकरेल दिसली. पयले वाटलं डुकरानं उकरली. मंग बुटाचा ठसा दिसला तुमचा. मी साहेबाले इचारलं, तिथं बी साफ करू का. साहेब लय वेळ बोललेच नाई. मंग म्हणे, तिथं कोनी हात लावाचा नाई. गवत उपटाचं नाई, बकऱ्या आल्या तं येऊ द्याच्या."

"असं म्हणाले?"

"हो. पन आमचे मानसं आयकतेत का? बाईसाहेबांची वस्तू म्हणल्यावर कोनी ना कोनी कळशी घेऊन जायेच. म्हणून साहेब सकाळी सोताच येऊन उभे रायत तिथं. एक डाव तं माह्या हातातून इळा काढून घेतला त्याईनं. असे कदी वागत नाईत जी साहेब. मले वाईट वाटलं."

चारोळीच्या झाडाखाली आता नुसती राख होती. वैजयंतीने तिच्यात बोटं घातली. खाली रोपट्यांची सुकलेली, काडीसारखी खोडं हाताला लागली आणि मट्कन मोडली. तिला रडू आलं. सोमीबाईला वाटलं बाईसाहेब रोपट्यांसाठी रडतायत, म्हणून ती म्हणाली, "रडू नका जी, पुन्हा बी पडते न."

गजेंद्र वनचौकीच्या ओसरीवर चौकीदारांच्या हजेऱ्या घेत होता. तिला बघून त्याने माणसांना हाताने जायला सांगितलं. तिच्या पायांना राख लागली होती. कुठून आली ते त्याला विचारायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"सुया? हो. तू पुरल्यास त्याच आठवड्यात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जागा बदलल्या असत्यास. आणि मग नव्या जागाही मला कळल्या असतील, असं तुला कायम वाटत राहिलं असतं." त्याने तिच्यासाठी खुर्ची सरकवली. ती बसली नाही. "म्हटलं, जिथे आहेत तिथे राहू देत. कुणी हात लावणार नाही एवढं बघायचं."

"आणि लाल खुंट्यांचं? तुला विचारलं होतं मी, तू नाही म्हणालास."

"तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं मला. मी रोज तिथून जायचो, वैजू. झाडलेली जागा बघून कुणाला नवल वाटतं का? सोमीबाई विचारायला आली, तिथे बी साफ करू का, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला." पुढचं त्याला जड जात होतं. "कळल्यावर मात्र मी गप्प बसलो. ते माझं चुकलं. सरळ पत्र पाठवायला हवं होतं की आमचा आकडा खोटा आहे. पण देवाजी रोज समोर दिसायचे. माझ्या तोंडाने त्यांच्या उतारावर तार आणवेना. म्हटलं, तुझी सुई सांगेल काय ते. तिचं तोंड मी दाबणार नाही."

दोघांच्या मध्ये ओसरीवर एक टेबल होतं, तेवढंच, पण तिला ते ओलांडवेना.

"मी अहवालात तुझं नाव लिहिणार होते," ती शेवटी म्हणाली.

"मला वाटलंच होतं."

"रागावला नाहीस?"

"रागावलो ना. सकाळी सकाळी थंडीत त्या मरणाऱ्या रोपांपाशी उभा राहायचो तेव्हा रोज रागावायचो. माझी बायको माझ्यावर पाळत ठेवते, आणि मी तिची पाळत राखत उभा आहे." "मला एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं होतं की."

"विचारलंस. पण उत्तर ऐकायला थांबली नाहीस."

हे खरं होतं. तिने मान खाली घातली.

तिने अहवाल लिहिला तो ओसरीवर बसून, आणि नाव कुणाचंच लिहिलं नाही. दोन्ही रेघा जशाच्या तशा दिल्या. खाली लिहिलं की कोसमघाटची जमीन एकटी रोपटं जगवू शकत नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडाला पाला सरकवला, जनावरं वळवली आणि गवत आवरलं, तर हाच मुरूम मोह आणि बिजा जगवतो. हे आमच्या डोळ्यांसमोर तीन उन्हाळे चाललं होतं आणि यंत्राने त्याचं श्रेय मातीला दिलं.

संचालकांचा फोन आला. "म्हणजे तुमचं यंत्र चुकलं?"

"नाही सर. त्याने माती बरोबर वाचली, रोपटीही बरोबर मोजली. त्या दोन्हींच्या मध्ये एक बाई विळा घेऊन बसली होती, तेवढी राहून गेली."

त्यांनी हळूच विचारलं, "फक्त कोसमघाटला?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पुढचे कितीतरी महिने गेले. राज्यभर आंधळ्या सुया पुरल्या गेल्या, आणि हळूहळू जे बाहेर आलं त्याने वैजयंतीची झोप उडाली. जिथे नकाशा हिरवा होता तिथे बहुतेक ठिकाणी कुणी ना कुणी झाडत होतं. जिथे लाल होता तिथली जमीन कित्येकदा कोसमघाटपेक्षा चांगली होती, फक्त खुंटीपर्यंत रोज चालत जाणारं कुणी नव्हतं, किंवा जो होता त्याला खात्याचा धाक वाटत नव्हता. मातीचा म्हणून सरकारने डोक्यावर घेतलेला तो नकाशा माणसांचा होता. त्याच्या जोरावर काही डोंगर आधीच नांगरले गेले होते, तिथे तार लागली होती. ते आता कुणाला परत करता येणार नव्हतं. वैजयंतीने त्या डोंगरांची नावं पाठ केली होती. विसरू नयेत म्हणून नव्हे. विसरताच येत नव्हती.

नियम स्थगित झाला. कोसमघाटचा उतार तूर्त गावाकडे राहिला. त्याची राखण कशी करायची ते गावाने ठरवावं आणि काही उन्हाळ्यांनंतर पुन्हा बघावं, असं वरून कळवण्यात आलं. देवाजींनी विचार करून एक मागणी केली. लाल टोप्यांच्या खुंट्या हव्यात, अख्ख्या उतारावर.

"पण आत सुई नसेल," वैजयंतीने सभेत सगळ्यांना बजावून सांगितलं. तिला आता काहीच लपवायचं नव्हतं. "नुसतं लाकूड. कुणी बघत नसेल, फोटो निघणार नाही."

"नसू द्या न जी," सोमीबाई म्हणाली. "खुटी दिसली का हात चालते. नाई तं रानात कुठं कुठं पाहाचं?"

हे टिकेल का, हा प्रश्न वैजयंतीने मनातच ठेवला. टिकेलही. कदाचित दोन उन्हाळ्यांनी सगळ्यांना त्या नुसत्या खुंट्याच दिसू लागतील.

पाऊस लागल्यावर ती चार दिवसांची रजा घेऊन आली. गजेंद्रने बॅग उतरवली, चहात दूध घातलं, पण पाहुणी की तपासणीस हे या वेळी विचारलं नाही. तिला ती थट्टा हवी होती. न झाल्याने चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

कप घेऊन ती मागच्या अंगणात गेली. विहिरीजवळच्या मुरमात मोहाचं एक बोटभर रोपटं उगवलं होतं, आणि त्याच्या शेजारी लाल टोपीची खुंटी रोवलेली होती.

"ही कुणी लावली?"

"मी," दारातून गजेंद्र म्हणाला.

"आत सुई आहे?"

"खणून बघ."

त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, ते तिला नीट कळेना. खुरपं विहिरीच्या काठावरच पडलेलं होतं, हात लांबवला की मिळेल असं. आंधळी, डोळस, की नुसतं लाकूड? केंद्रातून एखादी सुई त्याने मागवली असती तर आपल्याला कळलं असतं का? का त्याला बघायचंय की मी खणते की नाही? तिचा हात खुरप्याकडे गेला, हे तिलाही दिसलं आणि त्यालाही.

मग तिने कप खाली ठेवला. खुंटीपाशी उकिडवी बसून तिने रोपट्याभोवतीचं गवत उपटलं, सगळं, मुळासकट. बादलीतलं ओंजळभर पाणी घेतलं आणि बुडाशी सोडलं.

"पाऊस पडतोय की," गजेंद्र म्हणाला.

"पडू दे," ती म्हणाली आणि आणखी एक ओंजळ घेतली.